सिदूची गॅसबत्ती

“माझंच का फुलंना, बुवा?”

सिदूनं पेटती गॅसबत्ती धाडदिशी मठाच्या पायरीवर, रोपाशेजारी ठिवली. रागानं लाल झाल्याला गडी.

केवलगीर बुवा डोंगरावरनं उतरनाऱ्या धुक्याकडं बघत बसल्यालं. दिस नुकताच बुडाल्याला.

बुवांनी सिदू आन् भिवा, दोनी चेल्यांस्नी भांगंचं एकेक रोप दिल्यालं, म्हादेवाला वाह्याला. ज्याचं फुलंल, त्याला भगवी कफनी.

“भिवाचं रोप गुडघाभर न्हाय, आन् आखाडातच फुललं. त्याला कफनी दिलीसा. माझं डोक्याच्या वर गेलं... भादवा सरला, एक कळी न्हाय. वांझ रोप दिलंसा मला.”

“वांझ न्हाय. हळवं हाय.”

“हळवं पीक म्हंजी उशिराच्या गरव्याच्या आदी यायला नगं?”

“येतं की. रात जरा लांबली की येतं. गरव्यावानी लय वाट बघत न्हाय.”

“आन् भिवाचं?”

“ते रातीला इचारतच न्हाय. वय झालं की फुलतं. उनात बी, उजेडात बी. म्हनून तर बुटकं.”

“मग माझ्याला कुनी अडवलंय?”

बुवांनी बत्तीकडं बघितलं.

धुकं पायरीपतोर आलं. बत्तीभवती पाखरं फिरत व्हती, सपनात फिरल्यावानी.

“राती काय करतूस?”

“राखन. डुकरं येत्यात. रोपापाशी बत्ती लावून बसतो, पार उजाडस्तवर. भिवा पडतो घोरत. माझ्यासारखी सेवा केलीया कुनी?”

बुवा हासलं. वाकून बत्तीची हवा सोडली.

सूं सूं थांबलं. आतलं जाळीचं मेंटल लाल झालं... मग काळं.

रोप कुठं सरतं आन् डोंगर कुठं लागतो, कळंना झालं. धुक्यातनं भांगंचा हिरवा वास तेवढा येत ऱ्हायला.

“अंदार केलासा. डुकरं येतील.”

“येऊ देत. रोपाला रात घावू दे.”

सिदू खाली बसला. पाखरं कवाच उडून गेल्याली. राग उतरल्यागत वाटला.

मग त्याला ऱ्हावलं न्हाय.

“बत्ती तर इझली, बुवा. आता मला कफनी कवा?”

बुवा उठलं. अंदारातच चाचपत पायऱ्या उतरायला लागलं. खालनं आवाज आला,

“कुठं इझलीया, लेका?”