चुना आणि गंधकाचा धूर

पूर्वी एका साखरेच्या भट्टीवर कळीचा चुना आणि गंधकाचा धूर यांचं हाडवैर होतं.

चुना म्हणे, "चुनखडीतून आलो तरी माझं मूळ धातूचं. मी पाण्यात पडलो की पाणी उकळतं. तुझ्यासारखा वाऱ्यावर हिंडत नाही."

"दगड तो दगडच," धूर म्हणे. "मी गंधक जळून झालो. ज्या पाण्यात शिरेन ते आंबट करतो. माणसं नाक दाबून पळतात मला भिऊन."

एकाने हात भाजायचे, दुसऱ्याने घसा जाळायचा. एवढीच दोघांची कमाई.

कढईतला उसाचा रस गढूळ होता. तो म्हणाला, "बाबांनो, मला साखर व्हायचंय. एकट्या चुन्याने मी काळा पडेन. एकट्या धुराने आंबेन, मग दाणा धरणार नाही. दोघं बेताने या."

"त्याच्याबरोबर?" दोघं एकदमच म्हणाले.

महिपती कारागिराने कोणाला विचारलं नाही. त्याने चुन्याची निवळी ओतली आणि धूर सोडला. दोघं सगळा जोर लावून भांडले. शेवटी चुन्याची आग उरली नाही, धुराचा आंबटपणाही उरला नाही. दोघांचा मिळून पांढरा गाळ झाला आणि रसातली घाण घेऊन तळाशी बसला. वरचा नितळ रस साखर व्हायला निघून गेला.

गाळ उकिरड्यावर पडला.

"तुझा आंबटपणा मी मोडला," चुना तिथेही म्हणाला.

"तुझी आग मी विझवली," धूर म्हणाला.

दोघांचंही खरं होतं. एक कोंबडी त्यांना पायांनी उकरत किडे शोधत होती. तिचा पाय काही भाजला नाही.