पाणी जातं कुठे?

डोंगरातून उतरलेली एक नदी जिथे वळण घेते, तिथे एक छोटं गाव होतं. गावच्या जुन्या माणसांनी नदीवर दगडी बंधारा घालून त्यातून एक पाट काढला होता. पुढे या पाटाला दोन फाटे फुटत. एक वरच्या मळ्यांकडे जाई, दुसरा लांबवर उताराने खालच्या शेतांकडे. कोणत्या फाट्याला पाणी कधी सोडायचं, हे एकच माणूस ठरवी. त्याला पाटकरी म्हणत. त्याचा शब्द सगळं गाव मानी आणि सुगीला त्याच्या घरी धान्य पोचवी.

जुना पाटकरी वारला तेव्हा गावाने उखाजीला नेमलं. उखाजी स्वभावाने गरीब. कधी कुणाशी भांडण नाही, कुणाला उलट बोलणं नाही. असा माणूस सगळ्यांना सारखं पाणी देईल, असं लोकांना वाटलं. त्याला नाही म्हणता येतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

उजाडायच्या आत उखाजीच्या दारात माणसं यायला लागली. सगळ्यात आधी येई तुळशीराम. हा उखाजीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, वरच्या मळ्यात कांदा लावणारा, गावातला वजनदार माणूस. तो म्हणे, आधी माझ्याकडे पाणी सोड. उखाजी सोडी. मग खालच्या शेतातला झुलाल येऊन हात जोडी, की गहू सुकतोय. उखाजीला त्यालाही नाही म्हणवत नसे. तो जाऊन वरचा फाटा माती-दगडांनी बुजवी आणि खालचा उघडी. तोवर आणखी कुणी येई. जो शेवटी येऊन बोले, त्याच्याकडे पाणी वळे.

प्रत्येक माणूस त्याच्याकडून खूश होऊन परते. तरी शेतं वाळत चालली.

लोक म्हणाले, बंधारा गळत असेल. सगळ्यांनी मिळून दगडन् दगड तपासला. कुठे फट नव्हती. नदीलाही नेहमीइतकं पाणी होतं. मग पाणी जात होतं कुठे?

काळजीने उखाजीला अन्न गोड लागेना. त्याने देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं, शेजारच्या गावच्या पाटकऱ्याला विचारलं, बाजारात भेटलेल्या अनोळखी माणसालाही विचारलं. प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. त्याचा गोंधळ वाढत गेला. शेवटी त्याची बायको गोजराबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "इतक्या जणांना विचारलंत. पण पाटातलं पाणी कुठवर जातं, ते कधी त्याच्याबरोबर चालत जाऊन पाहिलंत का?"

उखाजीने ते कधीच केलं नव्हतं. तो फाट्याचं तोंड उघडी आणि पुढच्या माणसाची समजूत घालायला निघून जाई. पाण्याच्या मागे कोण कशाला चालतो?

पण प्रश्न त्याच्या मनात घर करून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खालचा फाटा उघडला आणि पाण्याच्या पुढच्या टोकाबरोबर चालू लागला.

त्याला वाटलं होतं, पाणी धावत जाईल. तसं झालं नाही. कोरड्या पाटात ते सावकाश पुढे सरकत होतं. वाळलेली पानं आणि धूळ आपल्या अंगावर घेत होतं. मुंग्या लगबगीने काठावर चढत होत्या. मध्येच जमिनीला मोठी भेग आली की पाणी तिथे थांबे. भेगेतून बुडबुडे निघत. भेग पोटभर प्यायली की मगच पाणी पुढे जाई. उखाजी एका भेगेजवळ उकिडवा बसला आणि बघत राहिला. हे त्याने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्याला काळजी होती, हेही तो थोडा वेळ विसरून गेला.

असं करत करत ऊन चढलं. झुलालचं शेत समोर दिसू लागलं. गव्हाच्या ओंब्यांत दाणा भरत होता आणि पानं टोकांना पिवळी पडली होती. पाणी बांधाजवळ आलं. आता ते आत शिरणार, तोच त्याची चाल मंदावली. मग ते जागीच थांबलं. उखाजीच्या डोळ्यांदेखत जमिनीने ते पिऊन टाकलं. मागे नुसता चिखल उरला.

पाणी कुणी तोडलं, म्हणून उखाजीने मान वळवली आणि त्याच्या लक्षात आलं. पहाटे तुळशीराम आला होता. दुपारी पाणी वळवून घ्या, असं उखाजीनेच त्याला सांगितलं होतं. आता ते पाणी वरच्या फाट्याने निघालं असेल. तिथल्या भेगाही तापलेल्या असतील. आधी त्या पितील, मग मळ्यापर्यंत थोडंसं पोचेल, आणि तोवर आपण ते पुन्हा वळवलेलं असेल.

उखाजी चिखलाशेजारी बसून राहिला. बंधारा गळत नव्हता, नदीही आटली नव्हती. पाणी वाटेतच मुरत होतं आणि ते मुरवणारा तो स्वतः होता.

त्या दिवशी त्याने कुणाला काही विचारलं नाही. तो एकेका शेतात गेला. खालच्या शेतांत त्याने हाताने माती उकरली. कोपरापर्यंत हात गेला तरी ओल लागली नाही. तुळशीरामच्या कांद्यात बोट खुपसलं, तर मुळांपाशी अजून गारवा होता. फक्त कडेचा एक वाफा रेताड होता. तो फार दिवस तग धरेल असं दिसत नव्हतं. उखाजी त्या वाफ्यापाशी बराच वेळ उभा राहिला. मग घरी आला.

सकाळी दारात जमलेल्या लोकांना त्याने सांगितलं, की आधी खालची सगळी शेतं भिजतील, मग पाणी वर वळेल. एकदा सोडलेलं पाणी मध्येच कुणासाठी तोडणार नाही. का, तेही त्याने सांगितलं.  लोक एकमेकांकडे बघत परत गेले. 

उखाजीने खालचा फाटा उघडला. थोड्याच वेळात तुळशीराम फावडं घेऊन तिथे आला. उखाजी फाट्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो," तुळशीराम म्हणाला. "तुझे पाय लटपटतायत, ते मला इथून दिसतंय."

"लटपटतायत, दाजी," उखाजी म्हणाला. "पण झुलालच्या शेतात पाणी पोचेपर्यंत ते इथून हलणार नाहीत."

"आणि तुझं चुकलं तर?"

"चुकलं तर तुमच्या बांधावर येऊन मीच सांगेन."

तुळशीरामने फावडं उचललं. उखाजीने डोळे मिटले नाहीत. तुळशीरामची नजरही पाण्याकडे गेली. ते न अडखळता पुढे चाललं होतं. अखेर तुळशीरामने फावडं खांद्यावर टाकलं आणि तो आपल्या वाटेने निघून गेला.  उखाजीने मात्र फाटा सोडला नाही.

पाणी झुलालच्या शेतात पोचलं. तिथून पुढच्या शेतात गेलं, तिथूनही पुढे. कितीतरी दिवसांनी ते पाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचलं. सगळी खालची शेतं भिजल्यावर उखाजीने ते वर वळवलं, आणि सगळे मळे भिजेपर्यंत वरच ठेवलं. कांदा वाचला. तो रेताड वाफा मात्र करपला.

उखाजी कुणाच्या बोलावण्याची वाट न पाहता तुळशीरामच्या बांधावर गेला. तो म्हणाला, "दाजी, हा वाफा माझ्या निर्णयाने गेला. इथे माती रेताड आहे, हे मला ठाऊक होतं. पुढच्या पाळीला वरून सुरुवात करीन आणि आधी इथे पाणी देईन."

तुळशीरामने करपलेली पात उपटून बाजूला टाकली. मग त्याने विचारलं, "पुढची पाळी कधी?"

उखाजीने दिवस सांगितला.

"ठरलं?"

"ठरलं."

तुळशीरामने मान डोलावली आणि तो कामाला लागला. त्यानंतर पहाटे तो उखाजीच्या दारात आला नाही. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. आपली पाळी कधी, हे ज्याला त्याला ठाऊक असे आणि त्या दिवशी पाणी येई.

एकदा गोजराबाईने त्याला विचारलं, की आता काळजी वाटत नाही ना?

"वाटते की," उखाजी डोक्याला पटका गुंडाळत म्हणाला. "डोळे उघडले की सगळ्यात आधी तीच समोर असते. पूर्वी मी तिच्यापासून पळत दुसऱ्यांना विचारत फिरायचो. आता शेतं बघून येतो, ठरवतो, आणि पाणी पोचेपर्यंत थांबतो."

एवढं बोलून तो पाटाकडे निघाला.

तात्पर्य: भीती गेल्यावर बळ येईल म्हणून वाट पाहू नये. डोळे उघडे ठेवून नीट पाहावं, आपलं आपण ठरवावं आणि पाय कापत असले तरी त्या निर्णयापाशी उभं राहावं. बळ तिथेच मिळतं.