टिटवीची हाक

एके काळी डोंगरउतारावरच्या रानात वणव्याची खबर देण्याचं काम टिटवी करायची. दर पौर्णिमेला सकाळी ती सरावाची हाक द्यायची. वानर आणि मोर ती हाक जशीच्या तशी पुढे पोचवायचे.

भेकरी एकदा वैतागली. "आग नसताना कशाला ओरडतेस गं? माझं पाडस दचकतं."

"आज दचकेल, पण माझी हाक ओळखायला शिकेल," टिटवी म्हणाली.

उन्हाळ्यात एका दुपारी खरोखरच वणवा पेटला. भेकरी दूर चरत होती आणि पाडस जाळीत एकटंच होतं. टिटवी आभाळातून ओरडली, "वणवा आला! ओढ्यापलीकडे चला!" वानरानं झाडावरून आणि मोरानं दरीतून तेच शब्द पुढे दिले.

भेकरी धुरातून धावत आली, तर जाळी रिकामी! तिनं तशीच ओढ्यात उडी घेतली. पलीकडच्या काठावर पाडस ओलंचिंब उभं होतं.

"कुणी आणलं रे तुला?"

"टिटवीमावशीनं सांगितलं, म्हणून मीच आलो."

धुराच्या वर टिटवी अजून ओरडत होती, कारण साळिंदराचं कुटुंब यायचं राहिलं होतं. भेकरीनं मान उंचावली आणि ती हाक आपल्या खणखणीत आवाजात पुढे दिली.