इनामदारांच्या चुलीतला निखारा

भाविकहो, विश्वास बसणार नाही हे आधीच कबूल करून ऐका. या गोष्टीपुढे आजवर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी पाणी भरतील.

भिवनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा कातळवेढ्यात होता, पाणवठ्याजवळच्या चिंचेखाली. गावात हौसाक्का नावाची एक विधवा लेकीसह राहायची. तिला महाराजांनी उपदेश दिला तोही अजबच: "अक्का, निजताना चूल विझवत जा." गावातल्या बायका राखेत निखारा पुरून ठेवत, हौसाक्का पाणी शिंपडून मोकळी व्हायची. मग सकाळी खापरात गोवरीचा तुकडा घेऊन कुणाच्या तरी दारात विस्तव मागायला जाणं आलंच. आणि दारात गेल्यावर झोप लागली का, खोकला उतरला का, हे विचारणंही आलंच.

बाळकोबा इनामदार ओसरीवरून हिणवत, "एक निखारा जपता येत नाही, आणि महाराजांचं नाव जपते म्हणे." त्यांच्या दारातून ती दहा वर्षं रिकामीच परतली.

मग गावात पटकीची साथ शिरली. आठवड्यात सोळा माणसं गेली. दारं बंद झाली, मढ्याला खांदा मिळेना. सोळावी हौसाक्काची लेक, चंद्रा. स्मशानातून आल्यावर अक्का भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. तिसऱ्या सकाळी महाराज स्वतः तिच्या दारात आले.

"अक्का, विस्तव आणला नाहीस?"

"कुणासाठी आणू, महाराज? जेवणारं कोण उरलंय?"

महाराजांनी कोपऱ्यातलं खापर उचलून तिच्या हातात दिलं. मग म्हणाले, "इनामदारांकडे जा."

तिला ती चेष्टाच वाटली, पण शब्द मोडवेना. खापर घेऊन ती गेली. पाहते तर दाराला बाहेरून कडी. इनामदारांची मुलं-सुना गाडी जुंपून मळ्यावर पळाली होती. तिनं सवयीनं विचारलं, "झोप लागली का?" आतून कण्हणं ऐकू आलं.

बाळकोबा घाणीत पडले होते. डोळे खोल गेलेले, हातपाय गार. उकळलेलं पाणी पोटात गेलं नसतं तर त्यांना दुपार दिसली नसती, आणि चुलीत चार दिवसांची थंड राख. अक्कानं महाराजांचं नाव घेऊन राखेत बोटं घातली, आणि काय सांगावं! गुंजेसारखा लालभडक निखारा! तिनं पाणी उकळलं, मीठ-गूळ घालून दोन दिवस पळीपळीनं पाजलं. लेकीसाठी आलेलं रडू तिला तिथेच, त्यांच्या उशाशी फुटलं.

तिसऱ्या दिवशी बाळकोबा भिंती धरत चिंचेखाली आले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "इथे नाही." तेव्हा भर पाणवठ्यावर इनामदारांनी हौसाक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "उठा. विस्तव तुमच्याच चुलीतला होता."

अण्णांची गोष्ट इथवर आली, इतक्यात श्रोत्यांतल्या साळूबाई उभ्या राहिल्या.

"खोटं सांगताय, अण्णा. राखेत काही नव्हतं. अक्का सगळं गाव ठोठावत आमच्या दारात आली होती. घरात दोन मढी होती आमच्या, तरी माझ्या आजीनं दार उघडून तिला निखारा दिला."