तीन पावसाळे न बसलेली पदीबाय

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांचे पणजोबा रांगत होते तेव्हा, ही आपली शेतं नव्हतीच मुळी! इथे नुसता चिखल. भरतीला समुद्र, ओहोटीला खेकडे. टोपीकरांच्या वेठबिगारीला कंटाळून पळालेली बावीस घरं त्या चिखलात येऊन वसली. त्यांनी मातीचे गोळे डोक्यावरून वाहून बांध घातला, समुद्र बाहेर ठेवला आणि बांधात लाकडी झडप बसवली. तीच आपली उघाडी. ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी जाऊ द्यायचं. भरती आली की लावायची. हे काम पदीबायचं. बांधाला कान लावला की भरती किती कोसांवर आहे ते तिला कळायचं, असं म्हणतात.

सात पावसाळे जमिनीतलं मीठ धुतलं, तेव्हा आठव्या वर्षी भात पिकलं. आणि काय पिकलं म्हणून सांगू! आत शिरलेला माणूस दिसेना. चिखल होता तोवर कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, पण जमीन झाली आणि टोपीकरांचा कप्तान धावत आला. म्हणाला, "ही जागा आमची. इथे मिठागरं होणार. चालते व्हा!"

गावचा चांगू पाटील म्हणाला, "सायब, इथं जागाच नव्हती. ती आमी केली."

झालं, पेटलं! दोनदा शिपाई आले, दोनदा गावाने कोयत्या-काठ्यांनी पिटाळले. त्यात गावचे तीन गडी गेले. तिसऱ्या खेपेला, अमावास्येच्या सकाळी, दोनशे शिपाई तोफा ओढत आले. गाव टेकाडावर चढलं. शिपायांनी कापणीला आलेलं भात तुडवलं आणि सपाट, कोरडी जागा बघून शेतातच तंबू ठोकले. अहो, ते शेत उधाणाच्या पाण्यापेक्षा पुरुषभर खाली! पण त्या शहाण्यांना सांगणार कोण?

पदीबायने विचारलं, "पाटील, उघडू?"

चांगू पाटलाने खालच्या भाताकडे बोट दाखवलं. एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं तिथे गवतसुद्धा उगवत नाही. सात वर्षं जी झडप पदीबायने समुद्राच्या तोंडावर लावली, तीच आज उघडायची! पण तीन गडी गेले होते, चौथा तिला द्यायचा नव्हता.

भर दुपारी, उधाणाच्या ऐन तोंडावर, बांधाआडून जाऊन तिने झडप उचलली. आणि समुद्र आला! काय आला! तंबू तरंगले, घोडे पोहत सुटले, तोफा चिखलात गेल्या त्या अजून वर आल्या नाहीत, असं म्हणतात. गावाने दोर टाकून एकूण एक शिपाई बाहेर काढला, पण आधी बंदूक टाकायला लावून. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या कप्तानाने कबूल केलं की ही जमीन ज्यांनी केली त्यांचीच.

गावाने ढोल बडवले. सकाळी बघतात तर सगळं भात काळं पडलेलं. नऊ घरं पदीबायला शिव्या देत गाव सोडून गेली.

ती म्हणाली, "खारं मी आणलं, गोडं मीच करीन. तवर बसायची नाय."

आणि बसली नाही हो! तीन पावसाळे, दर ओहोटीला उघड, दर भरतीला लाव. पावसाच्या पाण्याने मीठ धुवून काढ. उभ्यानेच जेवायची, खांबाला टेकून डुलकी घ्यायची. तिच्या पायांना मुळं फुटली होती, असं म्हणतात. चौथ्या वर्षी भात लोंबीला आलं. तिने एक दाणा चावला, हसली, म्हणाली, "गोडं हाय." मग बांधावर बसली. ती पुन्हा उठली नाही. ऐकून ती नऊ घरंही परत आली.

म्हणून आजही नव्या तांदळाचा पहिला घास आपल्या गावात कुणी बसून खात नाही. सगळे उघाडीपाशी उभे राहतात. एक पाट मांडतात, त्यापुढे पहिलं ताट वाढतात. मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई त्या रिकाम्या पाटाला म्हणते, "बाय, गोडं हाय. आता बस."

आणि मगच गाव बसतं.