तेजलचं बार्लो

“पण चाचा, आरसा चार बोटं वर उचलला तर बिघडतं काय?”

हेमांगीने मुजावर चाचांना विचारलं. मिरजेत चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता म्हातारपणी ते चार-दोन पोरांना दुर्बिणीचे आरसे घासायला शिकवत.

हेमांगीच्या हातात ड्रिल होतं. स्वतः बनवलेल्या दुर्बिणीच्या आखूड नळीवर तिने पेन्सिलीने नव्या भोकांच्या खुणा केल्या होत्या.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला तेजलची दुर्बीण. विकतची. बारीक, पांढरी, लांबट. तिला तेजलने कालच बायनोव्ह्यूअर आणून लावला होता. म्हणजे एका दुर्बिणीत दोन्ही डोळ्यांनी बघायचं.

दिवस मावळायच्या सुमारास अष्टमीचा चंद्र डोक्यावर आला, तसे चाचा तेजलच्या स्टुलावर जाऊन बसले होते. पाव तास उठले नाहीत. तेजलची टकळी चालूच होती. चाचा नुसते “हं… हं…” करत होते.

हेमांगीच्या दुर्बिणीला त्यांनी दिली दोन मिनिटं.

आठ महिने घासला होता तिने तो आरसा. त्यातले तीन नुसत्या कडेवर.

“ताई, माझा बायनोव्ह्यूअर लावून बघ ना तुझ्या दुर्बिणीला,” तेजल आपणहून म्हणाली होती.

हेमांगीने लावला. चंद्राचा नुसता धुरकट गोळा. फोकसची चकती पार आतपर्यंत फिरवली, तरी चित्र जुळेना. तिच्या आखूड दुर्बिणीत प्रतिमा नळीच्या तोंडाशीच तयार व्हायची, बायनोव्ह्यूअरच्या पोटातून डोळ्यापर्यंत पोचायचीच नाही.

“बार्लो लागेल. छोटं भिंग असतं, मध्ये घातलं की प्रतिमा बाहेर ढकलतं. देऊ माझं?”

“नको.”

“अगं, पडूनच आहे.”

“नको म्हटलं ना.”

आणि आरसाच वर सरकवून प्रतिमा बाहेर काढायला तिने ड्रिल आणलं.

चाचा सावकाश तिच्यापाशी आले. काळ्या कागदाची बोटभर रुंद कडी त्यांनी कात्रीने कापली, आणि नळीतून काढून ठेवलेल्या आरशाच्या कडेवर हलकेच ठेवली.

“हे काय, चाचा?”

“तुझी चार बोटं. आरसा वर आला की समोरच्या छोट्या आरशाला कडेचा उजेड पकडता येत नाही. एवढा वाया जाणार.”

नेमकी हेमांगीची तीन महिन्यांची मेहनत झाकली गेली होती.

“…जाऊ दे.”

“जाऊ दे?”

“कडा घेऊन काय करू? दोन डोळ्यांनी बघायला मिळालं तर तुम्ही पाव तास हलला नाहीत. माझ्याकडे दोन मिनिटं…” तिने ड्रिल तेजलच्या दुर्बिणीकडे रोखलं. “विकतची आहे हो ती. तिने काय घासलंय?”

चाचांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

मग दुसरा हात पुढे केला.

“ड्रिल दे.”

तिने समोर धरलं. त्यांचा हात त्याच्या बाजूने हवेतच चाचपडत गेला. पुन्हा आला. पुन्हा चुकला.

हेमांगी दचकली. ड्रिल खाली पडलं, त्या आवाजाने आणखी दचकली.

“चाचा… डावा डोळा…?”

“अकरा वर्षं झाली.”

तेजल स्टुलापाशी उभी होती. बार्लोची डबी तिने अजून हातातच धरली होती.

“मग तिथे पाव तास…” हेमांगीने तेजलच्या स्टुलाकडे पाहिलं. “त्यात उजेड दोन डोळ्यांत वाटला जातो, एकाच डोळ्याने तर आणखी अंधुक दिसत असेल. काय बघत होतात एवढं?”

चाचांनी तळवा काढला. आरशावरची कागदी कडी उचलून खिशात घातली.

“मी कुठे बघत होतो, बेटा? ती सांगत होती. मग तुझ्या दुर्बिणीपाशीही बसलो… तू बोललीच नाहीस.”