फुललेल्या कारवीला कोयता नाही

खरं तर हे कुणाला सांगू नकोस, असं मला आत्याने बजावलं होतं. कळलं की तिथे गर्दी होते. म्हणून डोंगराचं नाव लिहीत नाही.

एका शहरात नेमचंद नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. त्यांच्या पत्नीने, पद्माबाईंनी, लहानपणी डोंगरावर फुललेली कारवी पाहिली होती. ती पुन्हा पाहायची त्यांना फार इच्छा होती. पण कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते आणि बी टाकून वाळून जाते; दर वेळी त्यांचं जायचं राहून गेलं. यंदा ती फुलली, तेव्हा पद्माबाईंचे गुडघे गेले होते.

"मी तुला ओंजळभर फुलं आणतो," नेमचंद म्हणाले.

पायथ्याच्या वाडीतला कमळू वाट दाखवायला पुढे झाला. "शेट, माझ्या मागंच या. पायवाट सोडू नका," तो म्हणाला.

वर पोचल्यावर धुकं सरकलं आणि नेमचंद जागीच थांबले. पायापासून कड्यापर्यंत सगळा उतार जांभळा झाला होता. मधमाश्या इतक्या होत्या, की डोंगरच गुणगुणतोय असं वाटत होतं. त्यांनी नकळत हात जोडले. मग तेच हात फांदीकडे गेले.

"शेट, हात आवरा."

"अरे, एका फांदीने डोंगर रडणार आहे का?"

"डोंगर नाय रडत. माझी आई रडते," कमळू म्हणाला. "पावसात घराचा कुड पडला, अख्खी भिंतच गेली. गोधडी टांगून बसलीय म्हातारी. कुडाला कारवीच्या काठ्याच लागतात. पण फुललेल्या कारवीला कोयता लावायचा नाय. बी पडू द्यायचं. आईला थांबवलंय, तर तुम्हाला कसा तोडू देऊ?"

नेमचंदांनी मान खाली घातली. तोडायला निघालेला हात त्यांनी खिशात घातला.

घरी आल्यावर ते दारातच म्हणाले, "पद्मा, रिकाम्या हातांनी आलो गं."

 पद्माबाईंनी नवऱ्याची बाही नाकाशी धरली. पायवाट अरुंद, दोन्हीकडे कारवीचे चिकट तुरे. त्यांचा उग्र गोड वास सदऱ्याला लागला होता.

"केवढी फुललीय हो!" डोळे मिटून त्या म्हणाल्या.

तात्पर्य: डोंगरावरचं डोळे भरून पाहावं, पण ते तोडू नये; जे तिथे राहतं, तेच पुन्हा उगवतं. आणि पायवाट कधी सोडू नये, कारण आपल्या पायाखाली न दिसणारं कितीतरी... अगं बाई, आत्या हाक मारतेय. आले, आत्या, आले!